अण्णांनी न ऐकलेली जपानी

आमच्या घरात जपानी भाषा माझ्या आधी अण्णांनी आणली, आणि तीही एका शब्दापुरती. महाळुंग्याच्या ज्या कंपनीत ते पत्रा कापायच्या प्रेसवर होते, तिथं कामाला हात लावण्याआधी प्रत्येक गोष्टीकडे हात लांब करून बोट दाखवायचं आणि मोठ्यानं ‘योशी’ म्हणायचं, अशी जपानी शिस्त होती. म्हणजे बघितलं, ठीक आहे. वर्षानुवर्षं हे करून अण्णांचं ते घरीही सुटेना. बाहेर निघताना गॅसच्या बटणाकडे बोट, योशी. मोरीतला नळ, योशी. कुलूप एकदा ओढून बघितलं, योशी. गाडीचं स्टँड वर केलं, योशी. एकदा आत्या गावाकडून आली होती, तिनं हा प्रकार बघितला आणि आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “ह्याला काय झालंय का गं? भिंतीसंगं बोलायलाय.” आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. पण अण्णा दुसऱ्या पाळीला असले आणि घर बंद करायची वेळ आली, की तीही इकडेतिकडे बघून, कुणी नाही ना याची खात्री करून, गॅसकडे बोट दाखवायची. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आम्ही मोशीत राहायचो, दोन खोल्यांत. खाली रस्त्यावर बसचे हॉर्न, समोर नवी बिल्डिंग उठत होती तिथं दिवसभर सळया कापायचं मशीन, आणि त्या सगळ्यावर चढून आमच्या घरातला आवाज. आमच्याकडे हळू कुणी बोलतच नसे. टीव्ही इतका मोठा, की खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या, तुमच्यामुळे आमचं केबलचं बिल वाचतं. आई ज्वारीची भाकरी थापता थापता आतून ओरडायची, मी बाहेरून ओरडायची, आणि नवीन माणसाला वाटायचं की भांडण चाललंय. भांडण नव्हतं. अण्णांना ऐकू कमी यायला लागलं होतं. डावा कान जवळजवळ गेलाच होता आणि उजवा त्याच वाटेवर होता. प्रेसच्या दणक्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? पण ही गोष्ट घरात आम्हा तिघांना ठाऊक असूनही कुणी कधी उच्चारली नव्हती. कुकरच्या शिट्ट्या वाजून डाळ करपली, की आई म्हणायची, “ध्यान नव्हतं वाटतं तुमचं.” अण्णा म्हणायचे, “व्हय, ध्यान नव्हतं.” एवढ्यावर विषय मिटायचा.

मिटवण्याचं कारण होतं. कान गेलेला माणूस प्रेसवर ठेवत नाहीत. प्रेसवरून काढलं की कुठं टाकतील याचा भरवसा नाही, आणि अण्णांच्या लेखी प्रेसवर नसलेला कामगार म्हणजे अर्धाच कामगार. कंपनीत दरवर्षी कानाची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की हात वर करायचा. अण्णांनी त्यावर तोड काढली होती. काचेपलीकडे बसलेला माणूस बटण फिरवताना खांदा किंचित हलवायचा, अण्णा त्याच्या खांद्यावर नजर ठेवून हात वर करायचे. हे त्यांनी मला एकदा स्वतःच खुशीत सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. मग ते उठून गाडी पुसायला खाली गेले.

जपानीच्या क्लासला मी गेले ती अण्णांच्याच हट्टानं. कंपनीत पुण्याहून एक दुभाषी मॅडम यायच्या. त्या बोलायला लागल्या की साहेब लोकही गप्प उभे राहतात, हे अण्णांनी बघितलं होतं. चिंचवडला एका औषधाच्या दुकानाच्या वर आमचा क्लास होता. शिकवणाऱ्या बाईंना आम्ही ‘सेन्सेई’ म्हणायचो. बारीक चणीच्या, आवाज त्याहून बारीक. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उभं करून नाव आणि वडील काय करतात ते सांगायला लावलं, मी सांगितलं, आणि त्या खिडकीकडे बघून म्हणाल्या, “इथे प्रेस चालू नाहीये. हळू.” सगळा वर्ग हसला. मला रडू येत होतं, पण मी रडणाऱ्यातली नव्हते, मी मनातल्या मनात त्यांना दोन शब्द ऐकवले आणि खाली बसले. नंतर कळलं की बाईंचं खरं होतं. त्या भाषेत आवाज चढवून काही बोलताच येत नाही, शब्द फाटतात.

अक्षरांचं फार वाटलं नाही, पाठांतर आम्हाला नवीन नव्हतं. अडखळले ते दुसऱ्याच दोन गोष्टींत. एक म्हणजे, परक्या माणसासमोर आपल्या वडिलांचा उल्लेख करताना मान द्यायचा नाही. दुसऱ्याच्या वडिलांना मोठा, मानाचा शब्द आणि स्वतःच्या वडिलांना नुसतं ‘चिची’. अण्णांना मी जन्मात कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं, आणि इथं भर वर्गात त्यांचा उल्लेख असा उघडाबोडका करायचा. पहिले कित्येक दिवस तो शब्द घशातच अडकायचा. दुसरी गोष्ट याहून अवघड. सेन्सेई सांगायच्या, वाईट बातमी, नकार, दुसऱ्याचा कमीपणा ही वाक्यं पूर्ण करायची नसतात. अर्ध्यावर सोडायची. ऐकणारा उरलेलं समजून घेतो आणि बोलणाऱ्यावर तो शेवटचा शब्द उच्चारायची वेळ येऊ देत नाही. मला हे पटेना. आमच्या घरात अर्धं वाक्य सोडलं तर समोरचा म्हणायचा, “काय? मोठ्यानं बोल.”

मी सराव गॅलरीत करायची, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, पुटपुटत. अण्णा आत खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत असायचे आणि आलागेला त्यांना विचारायचा, काय म्हणतेय पोरगी? तर म्हणायचे, “जपानी बोलायलीय. एकदम फर्डी.” पहिल्या पायरीची परीक्षा मी कशीबशी पास झाले, तर त्यांनी अख्ख्या लाइनीला पेढे वाटले. त्या परीक्षेत काय येतं ते आज मी स्वतः शिकवते म्हणून सांगते: वेळ विचारता येते, भाजी मागता येते, घरात कोण कोण आहे आणि कुणाचं काय दुखतं हे सांगता येतं. त्याच्यापलीकडे शून्य. पण कंपनीत बोलबाला असा झाला की सूर्यवंशीची पोरगी दुभाषी आहे.

अण्णांचा जोडीदार होते रफीकचाचा. देहूरोडचे, अण्णांच्याच वयाचे, पण ठेकेदाराकडून आलेले, म्हणजे कायम नसलेले. दोघांचं जेवण एकत्र. अण्णा माळकरी म्हणून चाचांच्या डब्यात एक कप्पा कायम बिनमटणाचा असायचा, आणि आई भाकऱ्या त्यांच्या हिशेबानं जास्त करायची. मशीनवर अण्णा पुढं, बटणांपाशी, आणि चाचा मागं. कापलेला पत्रा मागं अडकला की चाचा ‘थांब’ म्हणून ओरडायचे, जाळी उघडून तुकडा काढायचे, आणि त्यांनी ‘चल’ म्हटलं की अण्णा बटण दाबायचे. अण्णांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, ते चाचांच्या पिवळ्या टोपीवर चालायचे. टोपी खाली गेली की थांबायचं, वर आली की चालू. हे चाचांना माहीत होतं, म्हणून ते टोपी जरा जास्तच हलवायचे. त्या दिवशी मध्ये कुणीतरी मालाची ट्रॉली आणून उभी केली, टोपी खाली गेल्याचं अण्णांना दिसलंच नाही आणि त्यांनी बटण दाबलं. प्रेस खाली आली. चाचांनी हात मागं खेचला, हातमोजा आतच राहिला, आणि एका बोटाचं पेर चेचलं. हात वाचला तो केवळ नशिबानं.

चौकशी लागली. त्याच सुमारास जपानहून ओकादा-सान म्हणून एक जाणकार आले होते. ते म्हणाले, ऑफिसात बसून ऐकणार नाही, मशीनपाशीच आणि त्याच माणसांना त्याच जागी उभं करून विचारणार. दुभाषी मॅडम नेमक्या रजेवर. शॉपवर, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, मोबाईल न्यायला बंदी. (आताची मुलं मला म्हणतात, मॅडम, ॲप होतं की! प्रेसच्या शेजारी उभं राहून ॲपला ऐकवून दाखवा म्हणावं.) तेव्हा सुपरवायझर गायकवाडांना पेढे आठवले.

अण्णा घरी आले ते छाती काढून. “उद्या तुला कंपनीत बोलावलंय. गाडी पाठवणार होते, मी म्हटलं, माझ्यासंगं येईल.” आई धपाटे लावत होती. तिचा हात थांबला. “काय विचारतेल तिथं?” तिनं विचारलं. अण्णा म्हणाले, “कसं झालं ते.” आई माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. तव्यावरचा धपाटा करपून धूर निघाला तरी कुणी उलटला नाही. कसं झालं हे कुणी नीट विचारलं तर उत्तर एकच होतं, आणि ते माझ्या तोंडून निघायचं होतं. नंतर मोरीपाशी आईनं मला दंडाला धरलं. “तुला जपानी येत न्हाई म्हणून सांग. लाज गेली तर जाऊ दे.” मी म्हटलं, बघते. जेवताना अण्णा मात्र मिटक्या मारत चटणी मागून घेत होते.

सकाळी गेटवर मला हेल्मेट दिलं आणि पायांपेक्षा बरेच मोठे सेफ्टी बूट. फटक फटक करत मी अण्णांच्या मागं चालले. त्यांची ती प्रेस बंद ठेवली होती, पण शेजारच्या चालू होत्या. प्रत्येक दणक्याला जमीन हादरायची आणि तो हादरा बुटांतून गुडघ्यापर्यंत यायचा. असल्या ठिकाणी हे रोज आठ तास उभे राहतात, हे मला त्या दिवशी कळलं. ओकादा-सान उंच, वाकलेले, चेहऱ्यावर काही नाही. चाचा बोटाला पांढरं बांधून मागच्या बाजूला उभे. मला बघून त्यांनी डोळ्यांनीच सलाम केला.

ओकादा-साननी मशीनकडे बोट केलं आणि विचारलं, “दोऊश्ते?” का? हा शब्द मला येत होता. मी मराठीत विचारलं. चाचांनी लगेच हात जोडले. “चूक माझीच झाली, साहेब. आवाज दिला नसंल मी.” मी ‘चुकलं, माफ करा’ एवढं जपानीत म्हटलं. “दोऊश्ते?” त्यांनी पुन्हा विचारलं. आता अण्णा पुढं झाले. चाचांनी हात जोडलेले त्यांना दिसले होते, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं. “न्हाई न्हाई, चूक माझी. माझं ध्यान नव्हतं.” मी परत माफी मागितली. “दोऊश्ते?” आपल्याकडे माणसानं चूक कबूल करून हात जोडले की विषय संपतो, दोघांनी जोडले तर दुप्पट संपायला हवा. हा माणूस संपवायलाच तयार नव्हता. त्यांची पद्धतच ती आहे, चूक कुणाची हे त्यांना नकोच असतं, का घडलं याच्या तळाशी जाईपर्यंत ते ‘का’ विचारत राहतात. हे मला पुढं नोकरीत कळलं. तेव्हा मला वाटलं, हा चिडलाय, आणि आता दोघांचाही घास घेतल्याशिवाय राहत नाही.

गायकवाड घड्याळ बघत होते. ते माझ्याजवळ सरकले, अण्णांच्या डाव्या बाजूनं. “मॅडम, लांबवू नका. त्यांना सांगा, मागच्या माणसानं आवाजच दिला नाही. ठेकेदाराचा माणूस आहे, उद्यापासून बंद करतो. झालं.” अण्णांनी मान हलवली. गायकवाड काहीतरी बोलले एवढंच त्यांना कळलं होतं, आणि साहेब बोलले की मान हलवायची ही सवय. आपल्या मित्राची भाकरी जातेय आणि आपण होय म्हणतोय, हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं. माझ्याकडे बघून ते हसले, कौतुकानं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती पुढच्या गोष्टीची. गायकवाडांचं म्हणणं जपानीत सांगणं मला जमणार होतं. ‘हा माणूस’ येत होतं, ‘उद्या’ येत होतं, ‘येणार नाही’ येत होतं. पहिल्या पायरीच्या तीन शब्दांत चाचांची नोकरी जात होती. आणि दुसरीकडे ‘वडील’ येत होतं, ‘कान’ येत होतं. तेही पहिल्याच पायरीवरचं. चाचांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असावं, त्यांनी अगदी बारीक मान हलवली, नको म्हणून. “बेटी, राहू दे,” ते म्हणाले. “मीच नसंल दिला.”

मी कुणाचंच भाषांतर केलं नाही. अण्णांच्या समोर जाऊन उभी राहिले, घरी राहायची तशी, ओठ नीट दिसतील अशी. म्हटलं, “अण्णा, चाचाला कामावरनं काढायलेत. आवाज दिला न्हाई म्हणून.”

अण्णांचं हसू गेलं. ते चाचांकडे वळले. “रफीकभाई, दिला होतास आवाज?” चाचा मान खाली घालून काहीतरी बोलले. अण्णा एक पाऊल पुढं गेले आणि म्हणाले, “वर बघून बोल रे. मला दिसू दे.”

गायकवाडांनी चमकून वर बघितलं. चाचांनी तोंड वर केलं, त्यांचे डोळे भरले होते. “दोनदा दिला, भाऊ.”

अण्णांनी हात लांब केला, मशीनपाशी करतात तसा, खांद्यापासून सरळ, बोट ताठ. आणि तो हात कोपरातून वळवून बोट स्वतःच्या कानाकडे नेलं. मी जन्मभर त्या बोटामागून एकच शब्द ऐकत आले होते. तो आला नाही. त्यांचे ओठ हललेसुद्धा नाहीत.

ओकादा-सान माझ्याकडे वळले. या वेळी आवाज खूप हळू होता. “दोऊश्ते?” मी म्हटलं, “चिची वा… मिमी गा…” माझ्या वडिलांचे कान. पुढचा शब्द मला येत होता, परीक्षेत आला होता. मी तो म्हटला नाही. एवढ्या लोकांत अण्णांच्या तोंडावर तो म्हणायची माझी छाती नव्हती, आणि पहिल्यांदाच त्या भाषेनं मला सांभाळून घेतलं. ओकादा-सान “हाइ”, म्हणजे कळलं, असं म्हणाले आणि मला पुढं बोलू दिलं नाही. मग त्यांनी परत ‘का’ विचारलं, पण अण्णांकडे न बघता मशीनकडे बघून. मागून पुढं, पुढून मागं दोनदा फेरी मारली. प्रेसच्या माथ्याकडे, जिथं दोघांनाही दिसेल अशा जागी, हात लांब करून बोट दाखवलं आणि म्हणाले, “देन्की.” हा शब्द तर आमच्या पुस्तकात पहिल्या धड्यांतच होता. मी गायकवाडांना सांगितलं, “इथं दिवा लावा म्हणतायत. ओरडण्यावर काम चालवू नका म्हणतायत.” दुसरं वाक्य ते म्हणाले होते का, हे मला आजही नक्की माहीत नाही. मी ते घातलं.

चाचांची नोकरी राहिली. दिवा लागला, मागचा माणूस जाळी उघडतो तेव्हा लाल होतो. पण त्या दिव्याखाली उभं राहायला अण्णा नव्हते. त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवलं, वस्तू उजेडात धरून चरे बघायच्या. प्रेस गेली ती गेलीच. हे मी गोड करून सांगणार नाही, त्यांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी निघताना गॅसकडे नुसतं बघितलं. बोट नाही, योशी नाही. घर किती गप्प झालं ते सांगता येत नाही, टीव्ही तसाच ओरडत असूनही. कंपनीनं कानात घालायचं मशीन दिलं, ते डबीसकट फडताळात पडलं. आई एकदा न राहवून म्हणाली, “मला काय म्हाईत नव्हतं व्हय? उजव्या कुशीवर झोपलात की कुकर वाजला तरी उठत न्हाई तुमी. कवाधरनं बघायलेय.” माझ्यावर अण्णा रागावले होते का, हे मी कधी विचारलं नाही. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी अण्णांच्या समोर तशीच जाऊन उभी राहीन.

एका रविवारी सकाळी रफीकचाचा आले, बोट बरं झालं होतं. अण्णांच्या शेजारी बसून बराच वेळ बोलले आणि मग म्हणाले, “भाऊ, मशीन लाव की. ओरडून ओरडून माझा घसा बसला. आता त्यासाठी पण साहेब दिवा लावणार का?” अण्णांना हसू आलं. किती दिवसांनी आलं. आईनं तेवढ्यात डबी आणून हातावर ठेवली. ते कानात बसवलं आणि स्वयंपाकघरात कुकर वाजला, तसे अण्णा दचकून उभेच राहिले. “एवढं मोठं वाजतंय हे?” आई आणि चाचा पोट धरून हसले. मी गॅलरीत होते, दोरीखाली, पुढच्या परीक्षेचं पुटपुटत. हसणं थांबलं आणि मला जाणवलं की आत कुणीच बोलत नाही. वळून बघितलं तर अण्णा दाराशी येऊन उभे होते, मान जरा तिरकी करून.

“हे जपानी?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “व्हय.”

“एवढं हळू असतंय? मला वाटायचं, तू नुसतीच ओठ हलवून पाठ करायलीस.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेढे वाटले होते, लाइनीत मिरवलं होतं, आल्यागेल्याला फर्डी म्हणून सांगितलं होतं, आणि त्यातला एक शब्दही त्यांनी कधी ऐकला नव्हता. “म्हण की अजून,” ते म्हणाले, आणि खुर्ची गॅलरीत ओढून आणून समोर बसले. मग मी अगदी पहिल्या दिवशीची वाक्यं म्हटली, जी प्रत्येक शिकणारा म्हणतो. माझं नाव, माझं गाव मोशी, घरात आम्ही तिघं. ही आई. हे माझे वडील. ‘चिची’ म्हणताना या वेळी शब्द अडला नाही.

अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं, डोळे माझ्या ओठांवर न ठेवता, बाहेर दोरीवरच्या कपड्यांकडे बघत. मग हात लांब केला, खांद्यापासून सरळ, बोट ताठ, माझ्याकडे.

“योशी,” ते म्हणाले. हळू आवाजात.